स्वयंपाकघरावरचं प्रश्नचिन्ह

लग्न ठरायच्या आधी मी पहिल्यांदा या घरी आले, तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. शिक्षण नाही, नोकरी नाही, स्वयंपाक येतो का तेही नाही. चहाचा कप बशीत ठेवला, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "समदाब रेषा म्हणजे काय?"

मी गांगरलेच. पण शाळेत भूगोल बरा होता माझा. "हवेचा दाब सारखा असलेली ठिकाणं जोडणारी रेषा," मी म्हटलं.

"हे पाठ केलेलं झालं. आता अर्थ सांग."

मी होणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो छताचं निरीक्षण करत होता. होणाऱ्या सासूबाई मधे पडल्या. "अहो, पोरगी पहिल्यांदा घरी आलीये. तिला एक बिस्किट तरी खाऊ द्याल की नाही?" सासऱ्यांनी बिस्किटांची बशी पुढे ओढली, पण मला द्यायला नाही. त्यांनी ती बिस्किटं टेबलभर मांडली. प्रत्येक बिस्किट म्हणजे एक गाव. मग सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातून लाल दोरा काढून तो काही बिस्किटांवरून वळवत वळवत नेला.

"ही गावं एकमेकांना ओळखत नाहीत," ते म्हणाले. "एकाचं बोलणं दुसऱ्याला कळायचं नाही. पण आज सकाळी या सगळ्यांच्या डोक्यावर हवेचं ओझं अगदी सारखं आहे. जमिनीवर शोधायला गेलीस तर ही रेषा कुठे दिसणार नाही. मी काढली की ती असते."

या वाक्यावर मी लग्नाला हो म्हटलं, असं माझा नवरा अजून चिडवतो. अगदीच खोटं नाही ते. माझ्या माहेरी पुरुष माणसं जेवताना फक्त मिठाबद्दल बोलत, त्यामुळे मी भारावून गेले. सासूबाईंनी मात्र तो दोरा बिस्किटांवरून उचलला, झटकला आणि पुन्हा रिळाला गुंडाळून ठेवला. त्यांच्या हाताला त्याची सवय असावी, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

सासरे वेधशाळेत आरेखक होते. तिथे त्यांना सगळे रेषासाहेब म्हणायचे. दूरदूरच्या केंद्रांवरचे निरीक्षक बॅरोमीटर वाचून आकडे कळवत, ते आकडे नकाशावर जागच्या जागी लिहिले जात, आणि मग नकाशा सासऱ्यांच्या उतरत्या टेबलावर येई. सारख्या दाबाचे बिंदू हेरून त्यांतून पेन्सिलीची रेषा न्यायची, हे त्यांचं काम. रेषा दाटीवाटीनं आल्या तर तिथे वारा जोराचा. ऐसपैस आल्या तर निवांत. आणि रेषेनं फिरून स्वतःचंच शेपूट पकडलं, मधे दाब कमी असला, तर मच्छीमारांनी होड्या ओढून घ्याव्यात. एवढं सगळं एका मऊ पेन्सिलीवर चालायचं. सासरे रेषा काढताना हात उचलत नसत. मधे कुणी चहा आणला तर तो तसाच निवायचा.

त्यांच्या धंद्याचे दोन नियम होते आणि ते आम्हाला घरात इतक्यांदा ऐकावे लागले की मी झोपेतही सांगेन. पहिला, दोन समदाब रेषा एकमेकींना छेदत नाहीत. एका जागी एका वेळी दोन दाब कसे असतील? दुसरा नियम जास्त महत्त्वाचा, कारण त्यानंच आमच्या घराचा निकाल लावला. आजूबाजूची सगळी केंद्रं एक सांगतायत आणि मधलंच एखादं भलतं काही सांगतंय, तर त्याच्या आकड्यावर बारीक प्रश्नचिन्ह करायचं आणि रेषा सुरळीत पुढे न्यायची. एका दीपगृहावर म्हणे एक निरीक्षक होता. तो खाटेवरून न उठताच बॅरोमीटर वाचायचा, तेही जेवण झाल्यावर. त्याच्या वाट्याला इतकी प्रश्नचिन्हं आली की शेवटी कचेरीत कुणी त्याचा आकडा बघेना. सासरे हा किस्सा हसत हसत सांगत. सासूबाई त्या वेळी हमखास उठून आत जात.

पुढे वेधशाळेत संगणक आला आणि रेषा तोच काढू लागला. सासरे निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी काय हवं विचारल्यावर त्यांनी भंगारात काढलेले बॅरोमीटर मागितले. साहेब खूश झाले असणार, भंगारवाल्याला बोलवायला नको. आमच्या दारात टॅक्सी थांबली आणि तिच्यातून गोधड्यांत गुंडाळलेले पितळी, गोल बॅरोमीटर एकामागून एक उतरले. सासरे शेवटी उतरले. त्यांच्या मांडीवर टेबलावरची घंटा होती, तीही कचेरीतलीच.

दुसऱ्या दिवशी आमच्या घराची वेधशाळा झाली. दिवाणखान्यात एक, सासू-सासऱ्यांच्या खोलीत एक, आमच्या खोलीत एक, स्वयंपाकघरात एक आणि न्हाणीघरात एक असे बॅरोमीटर टांगले गेले. दिवाणखान्याच्या भिंतीवर घराचा मोठा नकाशा चिकटवला. सकाळी आणि संध्याकाळी घंटा वाजली की ज्यानं त्यानं आपल्या केंद्रावर जाऊन काचेवर टिचकी मारायची, चष्मा असेल तर लावायचा, आणि सुई काय म्हणते ते ओरडून सांगायचं. न्हाणीघर माझ्या नवऱ्याकडे होतं. तोंडाला साबण लावून तो आतून आकडा ओरडायचा. त्याचा बॅरोमीटर हातभर उंच टांगला होता, म्हणून त्याच्या आकड्याला सासरे उंचीची दुरुस्ती करायचे. शेजारी एकदा शिडी मागायला आले, तर त्यांच्याही हातात एक बॅरोमीटर देऊन, जिन्यात उभं करून आकडा विचारला. ते गृहस्थ अजून शिडी विकत घ्यायचा विचार करतायत.

अडचण अशी झाली की घरात सगळीकडे दाब सारखाच निघाला. तो तसाच असणार. एवढ्याशा घरात दुसरं काय होणार! पण सारखा दाब म्हणजे सगळं घर एकाच रेषेवर, आणि मग काढायची रेषा कुठे? सासरे नकाशासमोर पेन्सिल घेऊन उभे राहत आणि काहीच न काढता पेन्सिल कानावर ठेवत. मला त्यांची कीव यायची. ज्या माणसानं अर्ध्या समुद्रावरचे वारे ताब्यात ठेवले, त्याला घरात एक रेघ मिळू नये?

मग स्वयंपाकघराचा आकडा यायला लागला.

त्याआधी स्वयंपाकघराच्या दाराचं सांगायला हवं. आमचं स्वयंपाकघर लहान, आणि त्याला पंखा मात्र राक्षसी. माझ्या नवऱ्याला कारखान्यात पहिली नोकरी लागली, तेव्हा त्यानं मोठ्या प्रेमानं आईसाठी तिथला काढून टाकलेला हवा बाहेर फेकणारा पंखा आणून भिंतीत बसवला. तो सुरू झाला की ओट्यावरचं फडकंसुद्धा त्याच्याकडे झेपावायचं. त्याचं बटण बसवताना इलेक्ट्रिशियननं डोकं चालवलं की नाही देव जाणे, पण ते बसलं दिवाणखान्यात, दाराच्या बाहेर. पंखा लागला की काही वेळानं दार आपोआप ओढलं जायचं आणि धाडकन आपटायचं. सासूबाई कपाळाला हात लावत. "या आपटण्यानं डोकं उठतं माझं. एक दिवस मी जाईन बरं का माझ्या भावाकडे," त्या म्हणायच्या. डोकं एकीकडे, शिवाय डावी कंबरही धरायची. त्या रोज दुपारी गरम पाण्याच्या पिशवीनं शेकत बसत. डॉक्टरांनी विचारलं होतं, "काही जड ढकलता का तुम्ही?" सासूबाई म्हणाल्या होत्या, "संसार." डॉक्टर हसले आणि विषय तिथेच राहिला.

आता घरी बसल्यावर सासऱ्यांनी दाराचा प्रश्न हाती घेतला. दार वाऱ्यानं आपटतं, वारा दाबाच्या फरकानं वाहतो, फरक बाहेरच्या हवेमुळे पडतो, तेव्हा बाहेरची हवा बंद करा. त्यांनी घरातल्या प्रत्येक खिडकीच्या फटीत जाड लोकरी पट्टी चिकटवली. दाराच्या चौकटीलाही. मन लावून चिकटवली. त्यांचं कुठलंच काम मन लावल्याशिवाय होत नसे. स्वयंपाकघराची खिडकी तर अशी बंद झाली की मुंगीलाही परवानगी काढावी लागली असती.

आणि त्या संध्याकाळी घंटा झाल्यावर आतून सासूबाईंनी जो आकडा सांगितला, तो बाकी सगळ्यांपेक्षा कमी होता.

"पुन्हा बघ," सासरे म्हणाले.

"पुन्हा बघितलं. तेवढाच आहे."

"टिचकी मारलीस?"

"मारली."

"चष्मा?"

आतून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. "नाकावर आहे."

सासरे स्वतः तपासायला निघाले. वेधशाळेतली शिस्त अशी की जवळ यंत्र थरथरत असलं तर सुई वाचायची नाही. म्हणून त्यांनी आधी बाहेरचं बटण दाबून पंखा बंद केला, थोडा वेळ थांबले, मग दार उघडून आत गेले, सुई बघितली. आकडा बाकीच्यांसारखाच. "बघ!" ते म्हणाले. सासूबाईंनी चष्मा सावरून बघितलं आणि पुन्हा भांड्यांकडे वळल्या. सासरे बाहेर आले, पंखा सुरू केला. पुढच्या घंटेला आतून पुन्हा कमी आकडा आला.

हे रोजचंच झालं. मी आणि माझा नवरा कामाला पळायच्या घाईत. आमच्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही, हे कबूल करते. सासऱ्यांनी स्वयंपाकघरातला बॅरोमीटर दिवाणखान्यात आणून टांगला, तर तो बरोबर दाखवायला लागला. दिवाणखान्यातला आत नेला, तर आता तो कमी. म्हणजे यंत्रात दोष नाही. सासऱ्यांनी याच्यावर दोन दिवस विचार केला. दार उघडायला जड जातं, असंही एकदा त्यांच्या लक्षात आलं, पण ते म्हणाले लाकूड फुगलंय. सुतार आला. पंखा बंद, दार उघडं. सुतारानं एका बोटानं दार हलवून दाखवलं, चहा प्यायला आणि गेला. त्यानंतर सासऱ्यांनी नकाशावर स्वयंपाकघराच्या आकड्यापुढे बारीक, सुबक प्रश्नचिन्ह काढलं.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. पण दुसरं प्रश्नचिन्ह आलं, तिसरं आलं. पाहुणे यायचे, नकाशा बघायचे आणि विचारायचे, "हे हो काय?" शेवटी एका रविवारी, सगळे जेवत असताना, सासूबाईंनी वाढता वाढता विचारलं, "ते प्रश्नचिन्ह कुणाला आहे? बॅरोमीटरला की मला?"

इथे कुठलाही शहाणा नवरा पाणी पितो. माझ्या नवऱ्यानं तर ग्लास हातात घेतलासुद्धा, त्याचा काही संबंध नसताना. पण सासरे खरं बोलणारे. ते म्हणाले, "यंत्र तपासलंय. ते निर्दोष आहे. प्रश्नचिन्ह निरीक्षकाला." आणि तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पुढे म्हणाले, "असं होतं कधीकधी. तो दीपगृहावरचा नव्हता का?"

सासूबाईंनी वाढणं पूर्ण केलं. माझ्या ताटात भाजी जरा जास्तच पडली. मग त्यांनी पदर खोचला, आत जाऊन बॅग भरली, आणि निघताना दारात उभं राहून म्हणाल्या, "मी भावाकडे चालले. त्या कागदावरची प्रश्नचिन्हं जातील तेव्हा येईन."

"अगं, आकडा चुकलाय हे सिद्ध झाल्याशिवाय... म्हणजे बरोबर आहे हे सिद्ध झाल्याशिवाय प्रश्नचिन्ह काढता येत नाही," सासरे म्हणाले. "नियम आहे."

"मग नियमाला चहा करायला सांगा," सासूबाई म्हणाल्या आणि गेल्या.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत येतील. नाही आल्या. सासऱ्यांचं जेवण कमी झालं. ते बोलून दाखवत नव्हते, पण घंटा वाजवली की नजर आधी स्वयंपाकघराकडे जायची. तिथून आकडा येत नसे. नकाशावर त्या जागी ते एक छोटी आडवी रेघ काढत. वेधशाळेत केंद्र बंद असलं की तशी काढायची. मी म्हटलं, "बाबा, खोडा ना ती प्रश्नचिन्हं. कोण बघतंय?" ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांना होडीतले मच्छीमार बुडवायला सांगतेय. "रेषा खोटी काढली की माणूस जातो," ते म्हणाले. मला राग आला. घरचं माणूस तर गेलंच होतं.

त्यांच्या परीनं ते समजूत काढत होते. रोज पेपरातला हवामानाचा नकाशा उघडत, मामांचं, म्हणजे सासूबाईंच्या भावाचं, गाव शोधत, आणि सासूबाईंना फोन करत. "आज तुझ्याकडून निघालेली रेषा थेट आपल्या घरावरून जातेय बरं का. तुझ्यात नि माझ्यात आज काडीचा फरक नाही."

"बरं," सासूबाई म्हणायच्या. "ठेवते."

फोन ठेवल्यावर ते मला विचारायचे, "आवडलं असेल ना तिला?" या माणसावर चिडावं की याला जवळ घ्यावं, हे मला कळायचं नाही. मी ठरवलं, आपण चिडायचं. मी जाहीर केलं की मला कचेरीतून यायला उशीर होतो, तेव्हा संध्याकाळची भाजी बाबांनी करायची. त्यांनी लगेच मान डोलावली. कामाला ते कधी नाही म्हणाले नाहीत. स्वयंपाकघरातलं काम त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं, हा भाग वेगळा.

पुढचं मला अर्धं सासूबाईंकडून कळलं, अर्धं सासऱ्यांकडून. दोघांच्या सांगण्यात एका वाक्याचा फरक आहे, तो येईलच.

त्या संध्याकाळी घरी कुणी नव्हतं. सासऱ्यांनी बटाटे चिरून कढईत टाकले. धूर झाला, म्हणून बाहेर येऊन पंखा लावला आणि परत आत गेले. काही वेळानं दार धाडकन लागलं. ते दचकले, पण हातात उलथनं होतं. तेवढ्यात बॅरोमीटर वाचायची वेळ झाली. घंटा बाहेर राहिली होती, पण वेळ ती वेळ. त्यांनी काचेवर टिचकी मारली आणि सुई वाचली.

आकडा कमी होता.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचला. कमी. ताडून बघायला दिवाणखान्यातला बॅरोमीटर हवा, म्हणून दार ढकललं, तर दार ढिम्म. दोन्ही हातांनी ढकललं. दार बोटभर हललं, फटीतून हवा शीळ घालत आत घुसली आणि दार पुन्हा घट्ट बसलं. चौकटीवरची त्यांनीच लावलेली लोकरी पट्टी दाबली जाऊन सपाट झाली होती. पंखा आतली हवा बाहेर फेकत होता, आणि तिच्या जागी दुसरी यायला पट्ट्यांनी फटच ठेवली नव्हती. अर्ध्या समुद्राचा दाब जोडणारा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात हवेनं कोंडला गेला होता, आणि ती कोंडायची सोय त्यानं स्वतः, मन लावून केली होती.

मग त्यांना दारावर एक डाग दिसला. आतल्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, रंग झिजून गुळगुळीत झालेला तळव्याएवढा गोल. बाहेरून तो दिसत नाही. त्यांनी आपली डावी कंबर तिथे टेकवून बघितली. त्यांची कंबर बरीच वर येत होती.

सासऱ्यांनी आधी मुलाला फोन लावला. कारखान्यात कुणाला ऐकू जातंय! मला लावला, मी मीटिंगमध्ये होते. मग ते सासूबाईंच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी तिसरा फोन लावला.

"मी बोलतोय."

"कळलं," सासूबाई म्हणाल्या. "आजची रेषा कुठून गेली?"

"रेषेचं राहू दे. तुझा आकडा बरोबर होता."

"कुठला?"

"सगळेच."

"कशावरून म्हणता?"

"मी आत आहे. दार लागलंय."

"मग पंखा बंद करा की."

"बटण बाहेर आहे."

"माहीत आहे मला," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मी आतच होते."

सासरे सांगतात, यावर ते "खरं आहे" असं म्हणाले. सासूबाई सांगतात, ते काहीएक बोलले नाहीत, फोनमध्ये नुसता पंखा ऐकू येत होता. मी सासूबाईंवर विश्वास ठेवते. त्यांच्या आकड्यांवर यापुढे कुणी प्रश्नचिन्ह काढायची या घरात हिंमत नाही.

पण त्यांनी पुढचं जे विचारलं, त्यावर दोघांचं एकमत आहे. त्यांनी विचारलं, "गॅस बंद केलात का?"

सासऱ्यांनी तो केला होता. मग सासूबाईंनी खिडकीची पट्टी ओढून काढायला सांगितली. सासऱ्यांनी सुरी लावली, उलथनं लावलं, पण पट्टी निघेना. चिकटवणाऱ्यानं चिकटवलीच तशी होती. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरं, सूनबाई येईपर्यंत फोन चालू ठेवा. आणि बसलाच आहात तर आकडा सांगा. मी इथे लिहून घेते."

मी घरी आले ती दारातच थबकले. घरात जळक्या बटाट्यांचा वास, पंख्याची घरघर, आणि बंद दारामागून सासऱ्यांचा पडलेला आवाज. "होय. पुन्हा वाचला. तेवढाच आहे." थोडं थांबून, "मारली टिचकी." आणखी थोडं थांबून, अगदी खालच्या सुरात, "नाकावर आहे."

मी चपला काढल्या, पर्स जागेवर ठेवली, पाणी प्यायले, आणि मग बटण दाबलं. पंखा मंदावला आणि दार हलकेच सुटलं. सासरे घामानं निथळत बाहेर आले. माझ्याकडे न बघता सरळ नकाशाकडे गेले आणि खोडरबर शोधायला लागले. फोन हातात होताच. त्यातून सासूबाई म्हणाल्या, "खोडू नका. आधी रेषा काढा. मी येऊन बघीन."

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या, त्या इलेक्ट्रिशियनला बरोबर घेऊनच. बॅग दारात ठेवली आणि नकाशासमोर उभ्या राहिल्या. सासऱ्यांनी रात्रभर काही काढलं नव्हतं. आता त्यांनी पेन्सिल घेतली, स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यावर टेकवली आणि हात न उचलता तिला सगळ्या स्वयंपाकघराभोवती फिरवून पुन्हा त्याच कोपऱ्यावर आणलं. निवृत्तीनंतरची त्यांची पहिली समदाब रेषा. एका ठिकाणी ती चांगलीच वाकडी गेली होती. ती त्यांनी तशीच ठेवली. मी उगीच इलेक्ट्रिशियनला चहा घेणार का विचारलं.

"म्हणजे काय हे?" सासूबाईंनी विचारलं. एवढ्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न त्यांना कधी विचारला नसावा.

"कमी दाबाचा प्रदेश," सासरे म्हणाले. "या रेषेवर सगळीकडे दाब सारखा. आत त्याच्याहून कमी. बाहेरचं सगळं आतल्यावर रेलतं." आणि मग खालच्या आवाजात, "बाहेरच्याला ते कळत नाही."

सासूबाईंनी त्यांच्या हातातून खोडरबर घेतलं आणि एकेक प्रश्नचिन्ह स्वतः खोडलं. फुंकर मारून कागद साफ केला. कंबर धरली नाही, हे मी बघितलं.

इलेक्ट्रिशियननं आत नवं बटण बसवलं. सुताराला पुन्हा बोलावून दार उलट्या बाजूला उघडेल असं केलं. आता पंखा ते आपणहून उघडून देतो. पट्ट्या सगळ्या काढल्या. काम संपल्यावर इलेक्ट्रिशियन हत्यारं आवरता आवरता म्हणाला, "बाहेरच्या बटणाचं आता काही काम नाही. काढून टाकू?"

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "दोन्हीकडून चालेल असं करा."

हल्ली संध्याकाळची भाजी सासरेच करतात. बटाटे आता जळत नाहीत. घंटा वाजली की ते आतून आकडा सांगतात आणि सासूबाई नकाशावर लिहितात. आत जाताना मात्र उंबऱ्यावर क्षणभर थांबून ते एकदा मागे वळून बघतात. सासूबाई बाहेरच्या बटणाखाली खुर्ची टाकून बसलेल्या असतात.